एकच अक्षर, दोन उच्चार

महोदय,

मराठी पुस्तके यंत्राच्या आवाजात ऐकवावीत, असे सुचवणारा आपला लेख वाचला. कल्पना स्तुत्य आहे. पण च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार त्यात विसरले गेले. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. लिपी हा भेद दाखवत नाही. वाचणारा संदर्भावरून सावरून घेतो, ऐकणाऱ्याच्या हाती मात्र फक्त आवाज असतो. दृष्टी गेल्यापासून माझे वडील फोनवर कथा ऐकतात. परवा ‘जरा थांब’मधला ‘जरा’ यंत्राने वार्धक्याच्या अर्थाचा उच्चारला. ते त्या शब्दापाशीच अडले, तोवर पुढची दोन वाक्ये निसटून गेली. अशी पुस्तके श्रोत्यांना देण्याआधी जाणत्या मराठी माणसाने ती पूर्ण ऐकून तपासलीच पाहिजेत.

– एक वाचक, पुणे