साहेब, शारजाला काय सांगू?

मा. डॉ. एस. जयशंकर साहेब,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात माझी गुळाची अडत आहे. तुमच्या खात्याशी माझा संबंध एवढाच, की आमचा एक-एक किलोचा गूळ शारजातल्या एका दुकानदाराकडं जातो. तो केरळचा मुसलमान. इतक्या वर्षांत आमचं भांडण झालं ते फक्त रंगावरून. त्याला पिवळाधमक गूळ हवा असतो. बिनमसाल्याचा, म्हणजे रसायन न घातलेला, चांगला गूळ काळपट दिसतो, हे त्याला अजून पटलेलं नाही.

७ जून २०२३ ला औरंगजेब-टिपूच्या स्टेटसवरून आमचं शहर पेटलं. बंद, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेटही तोडलं. व्हॉट्सॲप लागेना म्हणून शारजाच्या दुकानदारानं संध्याकाळी साधा फोन केला. "भाऊ, तुमच्याकडं काय चाललंय?" मी म्हणालो, "काही नाही, सगळं ठीक आहे." समोर तराजूपाशी आमचा हमाल बसला होता. तोही मुसलमान, घरी कुठल्या रस्त्यानं जायचं या काळजीत. त्यानं माझं उत्तर ऐकलं आणि मान खाली घातली.

अरब देशांशी तुम्ही लोकांनी नातं जोडलं, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. १९६९ ला रबातच्या इस्लामी परिषदेत पाकिस्तानच्या हट्टापायी आपल्या शिष्टमंडळाला बाहेर बसावं लागलं होतं. त्याच परिषदेतून उभ्या राहिलेल्या इस्लामी देशांच्या संघटनेनं २०१९ ला अबू धाबीत तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमाताईंना सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलावलं. आमची लढाई कुठल्या धर्माशी नाही, असं त्या तिथं बोलल्या. धर्मात जबरदस्ती नाही, हे कुराणातलं वचनही त्यांनी सांगितलं. ते कुराण मराठीत यावं म्हणून शाहू महाराजांनी खटपट केली होती, आणि मुस्लिम बोर्डिंग तर १९०६ चं. म्हणजे ताईंचं भाषण आम्हाला नवं नव्हतं. नवल एवढंच वाटलं, की ते ऐकायला अबू धाबी लागली.

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, देशाची बाजू मांडायला सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशी गेली. सुप्रियाताई कतार आणि इजिप्तला, श्रीकांत शिंदे अमिरातीला, ओवेसी सौदी-कुवेतला. ओवेसी तिकडं देशाची बाजू मांडतात, तेव्हा टाळ्या. इकडं निवडणूक लागली की त्यांच्याच नावानं सभा तापवायच्या. प्रचारसभा तुमच्या खात्यात येत नाहीत, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना तुम्ही सांगू शकता.

एक विनंती. आखाती राजदूतांना दरवेळी ताजमहाल कशाला? गणेशोत्सवात आमच्या कुरुंदवाडला आणा. तिथं मशिदींत गणपती बसतो, पाच मशिदींत. येताना बाबूजमाल दर्ग्याची चौकट दाखवू, तिच्यावर गणपती कोरलाय. जेवायला तांबडा-पांढरा, तिखट सोसेल त्यांना.

कुरुंदवाड कोल्हापूरच्या पूर्वेला आणि विशाळगडाच्या वाटेवरचं गजापूर पश्चिमेला, त्यामुळं वाटेत लागणार नाही. पण राजदूतांकडंही फोन असतात. १४ जुलै २०२४ ला गजापुरात घरं आणि मशीद कुणी फोडली, असं एखाद्यानं विचारलं तर मी काय उत्तर द्यायचं, तेवढं आधी कळवा. शारजालाही तेच सांगीन.

आपला,
एक गूळ अडत्या
शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर