दरडीतली बिळं

कोल्हापूर,
चैत्र

प्रिय सदा,

पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर भेटल्यावर घाल. आईचा गुडघा बरा आहे, घरी सगळं ठीक. लिहितोय ते वेगळ्याच कारणानं, आणि ते तुलाच कळेल. नदीकाठच्या आपल्या मळीखालच्या दरडीचा पोयटा उपसायला जेसीबी लागलाय. ऐन चैत्रात!

वरचा तुकडा गेला. खालच्या तुकड्यात वेड्या राघूंची, त्या लहान हिरव्या किडेखाऊ पाखरांची, बिळं चालू आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं काठ कापून उभा केला, म्हणून तर तिथं एवढी जोडपी जमतात; उभ्या काठात त्यांना बीळ खोदायला सोयीचं पडतं. बीळ मीटरभर आत जातं आणि अंडी शेवटच्या पोकळीत. जेसीबीचा एक घास त्याहून खोल. अंडी साधारण दोन आठवडे उबवतात, पुढं पिल्लं उडायला तीन-चार आठवडे. म्हणजे मे अखेरपर्यंत माती राहू दिली तरी निम्मं काम झालं. मातीवाल्याचंही फार अडत नाही, पाणी चढतं ते जूनमध्ये.

पण बिळं चालू आहेत हे दाखवणार कसं? तोंडाखाली ताजी भुसभुशीत माती आणि तोंडाला कोळिष्टक नाही, हे आपल्याला पुरतं. खंड्याचं असेल तर मासळीचा वास आणि विष्ठेचे पांढरे ओघळ. बाकीच्यांना सगळी उंदराचीच बिळं! शिवाय समोर उभं राहून मोजायला गेलं की राघू चतुर किडा चोचीत धरून तारेवरच बसतो. बघणाऱ्याला बीळ दिसतंय की नाही हे त्याला कळतं. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तेच दाखवलं. म्हणून बीळ नजरेआड राहील असं करंजाच्या बुंध्यामागे बसायचं. चोच भरलेली गेली आणि रिकामी आली, की आत पिल्लं. बिळाजवळ चुना किंवा काठी नको, पोरं आणि कुत्री तिथंच पोचतात. खूण समोरच्या काठावरून घ्यायची.

थंडीतली बदकं गेली की नदीत काही उरत नाही, हा तुझा हट्ट आठवतो. ये आणि बघ मर्दा! वायवर्ण पांढरा फुललाय, आटलेल्या वाफ्यांत गोरखमुंडीचे जांभळे गोंडे, पिवळा धोत्रा तर घाटापर्यंत. टिटवी उघड्या खड्यांत चार अंडी घालून आपल्यावरच ओरडते, तेव्हा तिथं पाय जपून टाकायचा. बंड्या, तो काळा-पांढरा खंड्या, मात्र राजाराम बंधाऱ्याखालीच भेटतो. वर सांडपाण्यावर पोसलेल्या जलपर्णीनं पाणी झाकलंय, त्याला सूर मारायला जागाच नाही.

वहिनींची बदली झाली का? पोरीला दहावीसाठी शुभेच्छा सांग.

आता काम. दरडीच्या जागा तू वर्षानुवर्षं ज्या वहीत टिपल्यास ती पाठव, नाहीतर पानांचे फोटो तरी. दरवर्षी बिळं याच पट्ट्यात होतात हे तुझ्या अक्षरात तारखांसकट दाखवलं, तर मळीच्या मालकाशी बोलता येईल. माणूस ऐकणारा आहे. जेसीबी सोमवारी परत येणार म्हणतात, त्याआधी पाठव.

तुझा,
बाळू