त्या इकोसाठी, ताई, मनापासून आभार

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं ताई म्हणतो. फोनवर आभार मानले होते पण तेव्हा नीट बोलताच आलं नाही, आणि तुम्ही पण "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवून टाकलात. बाबांच्या फाइली लावून देताना तुम्ही इको ही एक छोटीशी कमांड लावलीत, आमच्यासाठी ते खूप होतं हो. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

बाबा गेल्यावर त्यांचं जे काही होतं ते एका जुन्या हार्डडिस्कवर होतं. फोटो, त्यांच्या वह्यांचे स्कॅन, त्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, हिशेबाच्या एक्सेल फाइली. हजारो फाइली, फोल्डरच्या आत फोल्डर आणि त्याच्या आत अजून फोल्डर, काही नावं मराठीत, काही इंग्रजीत, मधे स्पेस, कंस, आणि बहिणीने सेव्ह केलेल्या फाइलींच्या नावात उद्गारचिन्हं. कॅमेऱ्याने दिलेली नावं तर प्रत्येक फोल्डरमध्ये तीच ती, कारण कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ पर्यंत गेला की परत पहिल्यापासून सुरू होतो. आम्हाला एवढंच हवं होतं की सगळं वर्षाप्रमाणे लागावं आणि आईला हवं ते सापडावं.

तुमच्या आधी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दल लिहू की नको असं वाटत होतं पण लिहितोच, कारण राग अजून गेलेला नाही. एकजण म्हणाले आता बॅच फाइल (विंडोजने एकामागून एक चालवायच्या कमांड लिहिलेली फाइल) कोण वापरतं, पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहायला शिका. शिकेन ना, पण आई आज विचारतीये तिला काय सांगू? दुसरे स्वतःला एक्स्पर्ट म्हणवतात, त्यांनी "दोन मिनिटांचं काम" म्हणून एक डॉट बॅट, म्हणजे बॅच फाइलच पाठवली, जी सगळ्या फोल्डरमधले फोटो उचलून एकाच फोल्डरमध्ये मूव्ह करत होती. चालली पण झटक्यात. नंतर मोजलं तर फोटो कितीतरी कमी. विचारलं तर म्हणाले, "डुप्लिकेट असतील, गेले ते बरंच झालं." ते डुप्लिकेट नव्हते. नाव एक होतं, फोटो वेगळे होते, एकात बाबा ऑफिसात बसलेले आणि दुसऱ्यात बहीण त्यांच्या खांद्यावर. माणसाच्या मागे जे राहिलंय त्याबद्दल "गेले ते बरंच झालं" असं कुणी कसं म्हणू शकतं हे मला अजून कळत नाही. बहिणीने हट्ट धरला होता की जे काय करायचं ते कॉपीवरच करा, म्हणून मूळ डिस्क वाचली.

तुम्ही पहिल्यांदा फोनवर आलात तेव्हा स्क्रिप्टचं, म्हणजे अशा कमांडच्या फाइलचं, नावसुद्धा काढलं नाहीत. पहिला प्रश्न, "मूळ डिस्क कुठंय? ती काढा आणि कपाटात ठेवा, आता तिला कुणी हात लावायचा नाही." मग ती जुनी स्क्रिप्ट मागितलीत आणि वाचता वाचता मला समजावत गेलात, की मूव्ह किंवा कॉपी कमांड हाताने टाइप केली तर त्या नावाची फाइल आधीच असल्यास विचारते, पण तीच कमांड बॅच फाइलमध्ये असली की काही न विचारता जुनीवर नवी लिहून मोकळी होते. म्हणून फोटो गेले, आणि म्हणूनच एकही एरर दिसली नाही. पुढच्या ओळीत एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या, म्हणजे एक्सएलएस फाइली डिलीट करायचं लिहिलं होतं, ते वाचून तुम्ही थांबलात. विंडोज जुन्या पद्धतीची आठ अक्षरं अधिक तीन अक्षरं अशी छोटी नावं पण ठेवत असेल तर स्टार डॉट एक्सएलएस, म्हणजे सगळ्या एक्सएलएस फाइली, म्हटल्यावर एक्सेलच्या नव्या एक्सएलएसएक्स फाइली पण त्यात येतात, आणि डेल या डिलीटच्या कमांडने उडवलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. म्हणजे बाबांचे नवे हिशेब पण गेले असते. हे ऐकून माझे हातपाय गार पडले होते, पण तुमच्या आवाजात ना टोमणा होता ना "बघा मी कसं पकडलं" असा भाव.

बाकी तांत्रिक गोष्टी तुम्ही किती सोसल्यात ते मला आता आता कळायला लागलंय. काही पाथ, म्हणजे फोल्डरांसकट फाइलची पूर्ण नावं, २६० अक्षरांच्या वर गेले होते म्हणून साधी कॉपी अडत होती, तुम्ही विंडोजचीच रोबोकॉपी कमांड वापरलीत आणि ते पण आधी स्लॅश एल लावून, म्हणजे नुसती यादी, प्रत्यक्ष काहीच नाही. उद्गारचिन्हाचं तर माझ्या डोक्यात पण आलं नसतं, की बॅच फाइलमधलं डिलेड एक्स्पान्शन नावाचं सेटिंग चालू असताना फाइलचं नाव घेतलं तर त्यातलं उद्गारचिन्ह गायब होतं आणि मग ती फाइल सापडतच नाही, म्हणून नाव आधी घ्यायचं आणि ते सेटिंग नंतर चालू करायचं. तारीख कशी दिसते ती मला वाचून दाखवायला लावलीत, कारण ती प्रत्येक मशीनच्या सेटिंगप्रमाणे बदलते. आणि नाव आधीच असेल तर त्या फाइलला हात न लावता मूळ फोल्डरचं नाव पुढे जोडून ठेवायचं, ही अट तर तुम्ही सगळ्यात आधी लिहिलीत.

पण खरं सांगायचं तर मी हे पत्र त्या सगळ्यासाठी लिहीत नाहीये. मी लिहितोय त्या इकोसाठी.

तुम्ही पाठवलेली पहिली स्क्रिप्ट काहीच करत नव्हती. प्रत्येक मूव्हच्या आधी तुम्ही इको लावलं होतं, म्हणजे कमांड चालणार नाही, ती काय करणार होती ते फक्त लिहून येणार. एवढं कदाचित दुसऱ्या कुणी पण केलं असतं. पण स्क्रिप्ट चालते त्या काळ्या खिडकीत आमची मराठी नावं नुसते चौकोन चौकोन दिसत होती, फॉन्टमध्ये अक्षरं नसतात म्हणून, आतून नावं शाबूत असली तरी. मी म्हटलं जाऊ दे ताई, नावं ठीक असतील, इको काढा आणि चालवून टाकू. तुम्ही नाही म्हणालात. "तुमच्या आईंना वाचता आलं पाहिजे" असं म्हणालात. आणि रात्री उशिरा परत बसून कोडपेज, म्हणजे अक्षरं लिहायची पद्धत, मराठी चालणाऱ्या ६५००१ वर नेलंत, यादी सरळ टेक्स्ट फाइलमध्ये जाईल असं केलंत, म्हणजे नोटपॅडमध्ये उघडली की सगळी नावं मराठीत. एका ओळीवर जुनी जागा, खालच्या ओळीवर नवी जागा, आणि प्रत्येक जोडीनंतर एक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ कॉम्प्युटरला नको होती, आईच्या डोळ्यांसाठी होती.

आई ती यादी वाचत बसली हो. दुपारभर. फॉन्ट मोठा करून दिला होता मी. मधेच म्हणाली हे वर्ष चुकलंय, ही वही त्यांची आधीची आहे, स्कॅन नंतर केलीये म्हणून तारीख नंतरची दिसतीये. कुठल्या स्क्रिप्टला हे कळणार होतं? तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तर त्यांना दाखवायचं होतं," आणि वह्यांचा फोल्डर वेगळा काढलात, तो आईने सांगितला तसा लावला. बाबा गेल्यापासून घरात प्रत्येक गोष्ट दुसरं कुणीतरी ठरवत होतं, कागदपत्रं, बँक, सह्या, इथे सही करा तिथे सही करा. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं की हे असं लावू का. ते विचारणं एका इकोमधून आलं, आणि तुम्ही ते आलंच पाहिजे म्हणून जागलात.

मला आता वाटतं की हुशारी बऱ्याच जणांकडे असते. ती "दोन मिनिटांची" स्क्रिप्ट लिहिणारा माणूस पण हुशारच आहे, तुमच्यापेक्षा भराभर टाइप करत असेल. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी थांबणं, त्याला दाखवणं, त्याचं ऐकून मग पुढे जाणं, हे कुणी शिकवत नाही आणि ते करणाऱ्याला कुणी शाबासकी पण देत नाही, कारण काही बिघडलंच नाही तर लक्षात कोणाच्या येणार? माझ्या लक्षात आलंय ताई. बहिणीच्या पण. ज्यांच्याकडे असे चांगले लोक आहेत त्यांनी त्यांना सांगत जा, खरंच सांगत जा.

आईने इको स्वतः काढलं. म्हणजे मी शेजारी बसून दाखवलं, तिने नोटपॅडमध्ये तो शब्द खोडला, सेव्ह केलं आणि एंटर दाबलं. शेवटी तुम्ही पॉज, म्हणजे थांबायची कमांड, ठेवली होती म्हणून खिडकी बंद झाली नाही, आणि नंतर मोजलं तर आकडा मूळ डिस्कशी जुळला. एकही फाइल कमी नाही.

आता आवाजाची रेकॉर्डिंग्ज राहिलीत. ती तुमच्याच पद्धतीने लावतोय, आधी इको, आधी यादी, यादी आईकडे. स्क्रिप्टमध्ये तुम्ही रेम (हे लावलेली ओळ चालत नाही, नुसती टीप राहते) लावून प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते लिहून ठेवलंय त्यामुळे बरंचसं जमतंय. एका ठिकाणी कंसातलं नाव अडतंय, त्याबद्दल रविवारी फोन करेन, चालेल ना? पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणि परत विचारलं तर रागवाल म्हणून विचारत नाही.

आईने सांगितलंय की तिच्याकडून वेगळे आभार लिही. तर हे तिच्याकडून, आणि हे माझ्याकडून. खूप खूप आभार ताई.

तुमचा,
यादीवाला भाऊ