गूज सहवैमानिक नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत १९८६ सालच्या ‘टॉप गन’ या चित्रपटावर आलेला लेख वाचला. योगायोग असा की त्याच्या दोनच दिवस आधी मी हा चित्रपट आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. प्रदर्शित झाला त्या काळात, ‘विमाने आणि गॉगल यांखेरीज त्यात काही नाही’ असे ऐकून मी तो टाळला आणि नंतर ते राहूनच गेले. लेख चांगला आहे. मात्र त्यात गूज या पात्राचा उल्लेख दोनदा ‘नायकाचा सहवैमानिक’ असा झाला आहे. चूक किरकोळ वाटेल, पण या चित्रपटात जे काही खरे आणि टिकाऊ आहे, ते नेमके त्या एका शब्दामुळे झाकले जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चित्रपटातले एफ-१४ टॉमकॅट हे दोन आसनांचे विमान. पुढे वैमानिक बसतो, मागे रडार सांभाळणारा अधिकारी. एकाच वेळी २४ लक्ष्यांचा माग ठेवू शकणारे ते रडार चालवणे, संदेशांची देवाणघेवाण पाहणे, मान वळवून पाठीमागून कोण येत आहे ते सांगणे, ही सारी मागच्या माणसाची कामे. परंतु विमान वळवण्याची दांडी त्याच्यापुढे नसते. सहवैमानिक म्हटले की वेळ पडल्यास तोही विमान हाती घेईल, असे आपण धरून चालतो. गूजला ती सोय नाही. भोवताली काय चालले आहे हे त्याला कित्येकदा पुढच्यापेक्षा अधिक कळते, आणि तरीही जीव मात्र पूर्णपणे पुढच्याच्या हातात असतो.

हे ध्यानात ठेवून पाहिले की सुरुवातीच्या गमतीही वेगळ्या दिसू लागतात. नायक मॅव्हरिक आपले विमान उलटे करून शत्रूच्या विमानाच्या डोक्यावर नेतो आणि मागे गूज कॅमेरा काढून छायाचित्र घेतो, तेव्हा आपण हसतो. नियंत्रण मनोऱ्याला खेटून जाण्याची लहर मॅव्हरिकला येते, तेव्हा ही कल्पना बरी नाही असे गूज सांगतो. विमान जायचे तिथे जातेच. आपल्याला कुटुंब आहे, प्रशिक्षणाची ही संधी घालवणे परवडणार नाही, हेही तो एकदा बोलून दाखवतो. गूजची भूमिका करणाऱ्या अँथनी एडवर्ड्स यांनी हे सगळे इतक्या हसतमुखाने केले आहे की त्यातली विनवणी पहिल्या फेरीत निसटून जावी.

मग तो अपघात. प्रतिस्पर्धी वैमानिक आइसमनच्या विमानामागच्या खवळलेल्या हवेत सापडून मॅव्हरिकची दोन्ही इंजिने बंद पडतात आणि विमान पोटावर आडवे राहून भोवऱ्यासारखे फिरत समुद्राकडे जाऊ लागते. हे निव्वळ पटकथाकाराच्या सोयीसाठी रचलेले नाही. आत शिरणारी हवा विस्कळीत झाली की अडखळण्याबद्दल सुरुवातीच्या टॉमकॅटची टीएफ-३० इंजिने खरोखरच बदनाम होती. गिरकीच्या जोराने आसनाशी जखडलेल्या मॅव्हरिकचा हात सुटकेच्या मुठीपर्यंत पोहोचत नाही आणि ती गूजला ओढावी लागते. विमानाचे काय करायचे हे गूजच्या हाती येते ते असे, विमान सोडून देण्यापुरते. वरचे काचेचे झाकण पुरते दूर गेलेले नसते, आसनासकट फेकला गेलेला गूज त्यावर आदळतो आणि मरतो. चौकशीत मॅव्हरिक निर्दोष ठरतो. विमानशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण माझे समाधान झाले नाही, आणि मॅव्हरिकचेही होत नाही.

हा चित्रपट म्हणजे अमेरिकी नौदलाची लांबलचक जाहिरात, हे आपल्या लेखकाचे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. विमाने आणि विमानवाहू नौका नौदलाच्या होत्या, तेव्हा पटकथेवर त्यांची नजर असणारच. ज्या ‘टॉप गन’ शाळेत चित्रपटातले वैमानिक शिकतात, ती नौदलाची प्रशिक्षणशाळा १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील मिरामार येथे सुरू झाली ती व्हिएतनामच्या आकाशातील निराशाजनक कामगिरीमुळे. पहिल्या क्रमांकाची ढाल तिथे कधीच नव्हती, ती चित्रपटाने आणली. शेवटची चकमक हिंदी महासागरावर घडते, पण त्या महासागराच्या काठावर कोणी राहत असेल याची चित्रपटाला गंधवार्ता नाही, हे जाता जाता नोंदवतो. गूजच्या पत्नीच्या वाट्यालाही मृत्यूनंतर एकच प्रसंग येतो, आणि त्यातही धीर तिनेच द्यायचा असतो.

तरीही मागच्या आसनाचा विसर या चित्रपटाला पडत नाही. शेवटच्या लढाईत मॅव्हरिकच्या मागे मर्लिन बसतो. पहिल्याच प्रसंगात भीतीने गोठलेल्या कूगरच्या मागेही हाच मर्लिन होता. अवसान गळालेल्या वैमानिकाच्या पाठीशी बसून ओरडत राहण्याची पाळी या बिचाऱ्यावर दोनदा येते, आणि दुसऱ्या वेळची त्याची घालमेल मला सगळ्या क्षेपणास्त्रांपेक्षा अधिक खरी वाटली. २०२२ साली आलेल्या पुढच्या भागाचा भावनिक आधारही गूजचा मुलगाच आहे.

लेखात एक उल्लेख राहून गेला आहे. चित्रपट आर्ट शोल या कसरतपटू वैमानिकाच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये याच चित्रपटासाठी हवेतून चित्रण करताना त्यांचे विमान गिरकीतून सावरले नाही आणि पॅसिफिक महासागरात कोसळले. ना विमान हाती लागले, ना त्यांचा देह. अर्पणपत्रिकेची ती ओळ वाचल्यावर मी गिरकीचा प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला, आणि या वेळी पार्श्वसंगीत बंद ठेवले.

लेख संकेतस्थळावर ठेवताना ‘सहवैमानिक’च्या जागी ‘रडार अधिकारी’ असा बदल करावा आणि शोल यांचा उल्लेख जोडावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक