पुरात स्पीकर गेला, त्याबरोबर गिटारचा आवाज पण गेला

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात इलेक्ट्रिक गिटार घेताना काय बघावं यावर अर्धं पान आलं होतं, आमच्या घरात ते दोनदा वाचून झालं कारण पुतण्याची बारावी संपली आणि त्याला गिटार पाहिजे. गिटारचं लाकूड, तारांचं कंपन पकडणारा पिकअप, आवाज बदलायची पेडल, आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचे वॉट, सगळं त्यात होतं. स्पीकरवर एक ओळ नाही! आणि वॉट जास्त तेवढा टोन चांगला असं जे लिहिलंय ते वाचून तर राहवलंच नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा पण बेंजोवाल्यांचा भाग ठेवा.

मी काय मोठा वादक नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. अ‍ॅम्प १५ वॉटचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, पुण्याच्या एकाकडून सेकंडहँड घेतलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा आम्ही विश्रामबागला बहिणीकडं गेलो, जाताना अ‍ॅम्प उचलून लोखंडी टेबलावर ठेवला, म्हटलं एवढं काय येतंय पाणी. परत येऊन बघतो तर टेबल बुडून वर अ‍ॅम्पच्या पेटीवर निम्म्यापर्यंत चिखलाची रेघ. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर पेटीत वरच्या अंगाला असतात ते वाचले. स्पीकर खाली. त्याचा कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, कागदाचा, भिजून पापडाच्या लाटीसारखा झालेला, बोट लावलं तर आरपार गेलं आणि कॉईलच्या फटीत नदीचा गाळ.

त्या दिवसांत सगळ्यांचंच गेलेलं, दुरुस्तीवाल्यांकडं टीव्ही-मिक्सरच्या थप्प्या. एकानं मात्र दोन दिवसांत बारा इंचीच्या जागी बारा इंची, आठ ओहमच्या जागी आठ ओहम असा स्पीकर बसवून दिला. मंडपातल्या बॉक्समधला, १०० वॉटचा, मधोमध अजून एक छोटा पांढरा कोन असलेला. काम चोख, त्या माणसाची काही चूक नाही. पण क्लीन, म्हणजे साध्या आवाजात, वाजवलं की पितळी भांडं घासल्यासारखं आणि डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका आवाज, लावलं की आग्यामोहळ उठल्यागत नुसतं झ्झ्झ्झ. मला वाटलं आत कुठंतरी पाणी लागलंय. व्हॉल्व्ह बदलले, पिकअप बदलला, दोन पेडल घेतली, बायको म्हणाली एवढ्यात नवीन अ‍ॅम्प आला असता. तीन वर्षं अशी घातली मी. मग एका कार्यक्रमात कोल्हापूरच्या एका पोरानं सहज माझा अ‍ॅम्प त्याच्या कॅबिनेटला, म्हणजे वेगळ्या स्पीकरच्या पेटीला, जोडून बघितला आणि पहिल्याच कॉर्डला पुराच्या आधीचा आवाज!! नॉबला हात नाही, गिटार तीच.

आता हे असं का होतं ते सांगतो. घरच्या म्युझिक सिस्टीमचा स्पीकर चांगला कधी म्हणायचा, तर जे रेकॉर्ड झालंय ते जसंच्या तसं ऐकवेल तेव्हा. गिटारच्या स्पीकरनं तसं करायचंच नसतं. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झच्या आसपास आवाज निघतो, साधारण तिथनं सुरू करून ५००० हर्ट्झपर्यंत गिटारचा स्पीकर बोलतो आणि त्याच्या वर धाडकन खाली येतो. ही उणीव नाही, ह्यातच त्याचं काम आहे. डिस्टॉर्शन म्हणजे काय तर अ‍ॅम्पनं आवाजाच्या लाटेची टोकं छाटायची, छाटलं की वरच्या पट्टीत नको तेवढा चरचराट तयार होतो आणि तो हा जाड कागदाचा कोन गाळून टाकतो, चहाच्या गाळणीसारखा. मंडपाच्या स्पीकरमधला तो छोटा पांढरा कोन नेमका उलट्या कामासाठी असतो, गायिकेचा स आणि श, झांजेची किणकिण हे लांबपर्यंत पोचावं म्हणून. म्हणजे जे गाळायचं तेच तो वाढून देत होता.

शिवाय कोन सगळा एका तुकड्यानं पुढंमागं होत नाही, वरच्या सुरांना त्याचा वेगवेगळा भाग आपापला थरथरतो, त्यामुळं २००० ते ४००० च्या दरम्यान प्रत्येक मॉडेलचे उंचवटे वेगळे, गिटारचा चावा का काय म्हणतात तो तिथला. खोटं वाटत असेल तर पोरांनी मोबाईलवर गिटारचं जे अ‍ॅप वापरतात त्यात कॅब सिम्युलेशन नावाचं बटण बंद करून बघावं. अ‍ॅम्प तोच राहतो, फक्त स्पीकर आणि पेटीचा हिस्सा जातो, आणि मग मोहळ म्हणजे काय ते कळतं. फुकटात कळतं, मला तीन वर्षं लागली.

खरं तर आपल्याकडं हे सांगायला लागू नये. इथनं दहा किलोमीटरवर मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेला माणूस नुसत्या तारा बघून पैसे देतो का? भोपळा वाजवून बघतो, जवारी, म्हणजे तारांचा झणकार, लावून घेतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारला पोकळ अंगच नसतं, तिचा भोपळा अ‍ॅम्पच्या पेटीत स्क्रूनं बसवलेला असतो एवढंच.

वॉटचं पण लिहितो. स्पीकरवरचा वॉटचा आकडा म्हणजे तो किती झेलू शकतो, किती मोठा वाजेल ते नव्हे. मोठा किती वाजेल ते डेसिबलच्या आकड्यावर, एक वॉट दिला आणि एक मीटरवर मोजला तर किती भरतो ते. तीन डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॉट दिल्यासारखं, त्यामुळं १०० डेसिबलच्या स्पीकरवर माझे १५ वॉट ९७ वाल्यावरच्या ३० वॉटाएवढे वाजतात. ऑर्केस्ट्रात ते बरं पडतं, पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यानं कमी डेसिबलचाच घ्यावा.

सेलेशन या इंग्लंडच्या स्पीकर कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांचा ग्रीनबॅक २५ वॉटचा, मधला सूर मऊ, जोरात दाबला की स्वतःच थोडा फाटायला लागतो आणि तेच लोकांना आवडतं, साठच्या दशकाच्या शेवटी मार्शल कंपनीच्या एका पेटीत असे चार असायचे म्हणजे झाले १०० वॉट. व्हिंटेज ३० नावात ३० असला तरी झेलतो ६० वॉट, वरचा मधला भाग पुढं काढतो, बँडच्या गोंगाटात गिटार ऐकू येते पण घरी एकट्यानं वाजवताना मला तो डोक्यात जातो. ब्लू म्हणून आहे तो अल्निको मॅग्नेटचा, अ‍ॅल्युमिनियम निकेल कोबाल्टचा, फक्त १५ वॉटचा, व्हॉक्स कंपनीच्या एसी ३० नावाच्या अ‍ॅम्पमध्ये असे दोन. फार गोड, फार महाग. आणि फाटका कोन म्हणजे वाया असंही नाही, किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये ब्लेडनं स्वतः कोन चिरून डिस्टॉर्शन काढलं होतं. माझ्या लगद्यातनं मात्र काही निघालं नसतं.

मी शेवटी सेकंडहँड ग्रीनबॅक आणला. आधी मल्टिमीटर लावला, आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेसहा-सातच दाखवतो, घाबरायचं नाही. मग घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल दोन वायरींना टेकवला, कोन टक् करून पुढं आला म्हणजे प्लसला प्लस बरोबर. आठ नटबोल्ट, सोल्डरचे दोन टाके, अर्धा तास. आणि हो, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधी चालू करू नका, ओहम पण मागं लिहिलेत तेवढेच जोडा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग स्पीकरच्या दुप्पट खर्च. माझी पेटी मागनं उघडी आहे, मागचा आवाज भिंतीवर आपटून येतो, भिंतीपासनं हातभर पुढं ओढली तर खर्ज वेगळा लागतो. बंद पेटीला हे एवढं होत नाही, तिचा खर्ज ठोस, पण आवाज समोरच्यालाच जास्त लागतो.

आता बेंजोवाले. काढलेला मंडपाचा स्पीकर मी आमच्या गल्लीतल्या बेंजो पार्टीला दिला. त्यांनी तो गाडीवरच्या बॉक्समध्ये बसवला आणि गणपतीत मिरवणूक वळणावर यायच्या आधी, हलगी आणि ढोल वाजत असताना, त्या सगळ्यावरनं बेंजोची एकेक टकटक मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू येत होती. त्यांना तोच चरचराट पाहिजे. बेंजो वाजवणारा वर बघून ओरडला, मालक असला अजून एक आहे का?

नाही म्हटलं. पुतण्याला घेऊन शनिवारी जातोय गिटार बघायला, वॉटचा तेवढा खुलासा त्याच्या आत छापला तर बरं होईल, नाहीतर हा पोरगा दुकानात तुमचं कात्रण काढून दाखवणार.

आपला,
गावभागातला एक जुना वाचक, सांगली