नाव न सांगता गेलेल्यांना

यंदा आमच्या नाताळच्या ताटात करंज्या कमीच आहेत. कलकल मात्र केलेत. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायचं काम पप्पांनी खुर्चीत बसून केलं. निम्मे कलकल तेलात उलगडले, तरी तळलेच.

ऑगस्टमध्ये त्यांना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स 11,000 पर्यंत खाली आल्या. रक्तातल्या या पेशी दात्याकडून घेतल्यावर साधारण 5 दिवसच टिकतात, म्हणून फार साठा करता येत नाही. दाता ऐन वेळी शोधावा लागतो. पहिल्या रुग्णालयाने आम्हाला दोन तास नुसतं बसवून ठेवलं, पण त्यावर आज बोलत नाही. रात्री साडेअकराला तुम्ही दोघं कळव्याहून भर पावसात स्कूटरवर आलात. एकाचा गट जुळला, तो दीड तास मशीनला जोडून पडून राहिला. दुसऱ्याने निथळता रेनकोट खुर्चीला अडकवला आणि म्हणाला, "ताई, आधी चहा घ्या." नावं विचारली तर, "नंतर सांगू." ते नंतर राहूनच गेलं.

बहिणीला मुलगी झाली, धाकट्याची नोकरी गेली आणि दिवाळीत दुसरी लागली. असं वर्ष. आमच्या दारात तांदळाची पिशवी ठेवून गेलेल्या व्यक्तीचेही आभार. शेजारच्या काकूंवर संशय आहे, त्या कबूल करत नाहीत.

24 तारखेच्या रात्री मिस्सा, म्हणजे नाताळची प्रार्थना, झाल्यावर ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चच्या फाटकाशी आम्ही डबा घेऊन उभे असू. पप्पाही असतील. मरून रंगाच्या टोपीवाले दादा, याल ना?