गोळ्या लपवून ड्युटी कशाला?

मा. संपादक,
आमच्या खानापूर भागातली बरीच पोरं मिलिटरी, सीआरपीएफमध्ये हाईत, आणि डिप्रेशनची गोळी चालू असली की ती व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवतात, डॉक्टर पण धारवाडचा, बेळगावात कोण बघंल म्हणून! व्हेरिफिकेशनात अडकायची भीती, दुसरं काय. अहो २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, आणि २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सीआरपीएफच्याच एका अधिकाऱ्याच्या केसमध्ये मानसिक आजाराशी जोडलेल्या वागण्यावरनं शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरवला. बंदूक कुणाच्या हातात द्यायची ते खात्यानं तपासावंच, पण ट्रीटमेंट घेणाऱ्यापेक्षा लपवणाऱ्याची काळजी जास्त नको का? कॅम्पाच्या नोटीस बोर्डावर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मराठी-कन्नडात लावायला काय पैसे पडतात?
– एक माजी सैनिक, खानापूर